तळटिपांची शिरगणती

लोक पुस्तक वरून खाली वाचतात. मी एक अख्खं वर्ष पुस्तकं खालून वर वाचली. आधी पानाचा तळ बघायचा. तिथं बारीक अक्षरात काही असलं तर चष्मा पुसायचा, नसलं तर पान उलटायचं. सवय अशी जडली, की घरी जेवायला बसलो तरी ताट उचलून खाली काही लिहिलंय का ते बघायचो. शेवटी बायकोनं ताटाखाली खडूनं लिहून ठेवलं, ‘मुकाट जेवा.’

खोटं वाटत असेल तर निम्मं खरं धरा. आमच्या भागात एवढी सूट चालते.

बीदरजवळच्या भालकी तालुक्यातल्या एका कॉलेजात मी सव्वीस वर्षं ग्रंथपाल होतो. त्यातली पंचवीस वर्षं सांगण्यासारखी नाहीत. पुस्तक द्या, पुस्तक घ्या, पुस्तकांना लागलेली उधई, म्हणजे वाळवी, मारा. पण ऐंशी साल उलटल्यावर जे एक वर्ष आलं, त्यात मी जेवढं शिकलो तेवढं मला एकाही पुस्तकानं शिकवलं नाही. आणि त्या वर्षात मी जी एक घोडचूक केली, ती आमच्या मराठी-कन्नड सीमाभागातला माणूसच करू जाणे.

आमचे मराठीचे विभागप्रमुख डोणगापुरे सर एक त्रैमासिक चालवत. नाव सांगत नाही, कारण नाव कळलं की लोक जुने अंक मागायला येतील आणि ते सगळे माझ्याच माळ्यावर आहेत. त्यात कथा-कविता नसत. कथा-कवितांचा, गाण्यांचा, जुन्या पोथ्यांचा अभ्यास असे. म्हणायला त्रैमासिक, पण छापखाना होता उदगीरला, आणि छापखानेवाल्याचं पहिलं प्रेम लग्नपत्रिकांवर. लग्नसराई लागली की आमचे छपाईचे खिळे कुणाच्या तरी ‘चि. सौ. कां.’मध्ये अडकून पडत. मग दोन अंकांचा जोडअंक काढायचा. एकदा चार अंकांचा एकच निघाला. तो एवढा जाड होता, की पोस्टमन सायकलवरून उतरून हातात धरून चालत आला.

तर अशा या त्रैमासिकाची पत मोजायचं फर्मान विद्यापीठातून आलं. यापुढं नोकरी आणि बढतीसाठी मान्य यादीतल्या नियतकालिकांत छापलेले लेखच धरले जाणार. यादी करण्याआधी प्रत्येक नियतकालिकाचं मूल्यमापन. अंक वेळेवर निघतात का? लेख छापण्याआधी बाहेरचे जाणकार तो तपासतात का? आणि तिसरी, अगदी नवी कोरी गोष्ट: इतर अभ्यासक त्यातल्या लेखांचा हवाला किती वेळा देतात?

ही तिसरी गोष्ट जरा समजावून सांगतो. समजा, एका नियतकालिकानं दोन वर्षांत वीस लेख छापले. पुढच्या वर्षी इतरांनी आपापल्या लेखांच्या तळटिपांमध्ये त्या वीस लेखांचे मिळून दहा उल्लेख केले. दहा भागिले वीस, म्हणजे अर्धा. झालं, त्या नियतकालिकाचं वजन अर्धा. औषधांच्या शोधाला हे माप ठीक असेल. आज शोध लागला, उद्या दुसऱ्यानं वापरला. साहित्याच्या अभ्यासाचं तसं नसतं. आमच्याकडं माणूस लेख वाचतो, उशाशी ठेवतो, मुलीचं लग्न उरकतो, विहीर खणतो आणि सातव्या वर्षी म्हणतो, ‘अरे, तो लेख चांगला होता की!’ पण परिपत्रकाला कोण सांगणार?

डोणगापुरे सर परिपत्रक घेऊन माझ्याकडं आले. म्हणाले, “पांचाळ, हे काम तुमचं.”

“माझं कामून सर? संपादक तुम्ही.”

“मी मोजलं तर लोक म्हनतील, स्वतःच्या म्हशीचं दूध स्वतःच मोजायलाय. तुम्ही मोजा. अन् एक ध्यानात ठेवा, ह्यात सुमनबाईंची भाकरी हाय.”

सुमनबाई गायकवाड आमच्याकडं मराठी शिकवत. संतपूरच्या. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली बुद्धाचा धम्म घेतला, तेव्हा बाई पाळण्यात होत्या. घरातल्या पहिल्या शिकलेल्या. कॉलेजात पाच वर्षं हंगामी नेमणुकीवर. कायम व्हायचं तर मान्य नियतकालिकात दोन लेख हवेत. दोन लेख होते, आणि दोन्ही आमच्याच त्रैमासिकात. यादीत आम्ही आलो तर बाई कायम. नाही आलो तर जूनमध्ये त्या जागेवर दुसरं कुणीतरी.

मी कामाला लागलो. पद्धत माझी स्वतःची. दुसऱ्यांची मासिकं, प्रबंध, ग्रंथ घ्यायचे, तळटिपा चाळायच्या आणि आमच्या एखाद्या लेखाचा उल्लेख सापडला की एक कार्ड करायचं. कुणी केला, कुठं केला, कितव्या पानावर, आमच्या कोणत्या लेखाचा. आमच्या कॉलेजातलं संपवलं. मग उदगीर, लातूर, गुलबर्गा, हैदराबाद. हैदराबादेत एका वाचनालयात धूळ एवढी, की मी आत गेलो सावळा आणि बाहेर आलो गोरा. तिथला ग्रंथपाल म्हणाला, “मियाँ, हे कपाट पोलीस ॲक्शनच्या आधीपासून बंद हाय. तुम्ही पहिलेच.” उघडलं तर आतली उधई दचकून माझ्याकडं बघायला लागली.

मी मोजतोय ही बातमी फुटली आणि गिऱ्हाइकं सुरू झाली. मेहकरचे एक हेडमास्तर एस. टी.नं आले, थेट टेबलापाशी. आमच्याकडं त्यांचे चार लेख छापले होते.

“पांचाळसाहेब, माझे उल्लेख किती भरले?”

“नऊ, गुरुजी.”

“बघा! मी म्हनत न्हवतो?”

“पण नऊच्या नऊ तुम्हीच केलेत. चौथ्या लेखात पहिल्या तिन्हींचा हवाला.”

“मग? माझ्याइतका बारकाईनं मला कोण वाचतंय?”

मी त्या नऊ कार्डांचा वेगळा गठ्ठा केला आणि त्याला लाल दोरा बांधला. गुरुजी म्हणाले, “लाल म्हंजे विशेष ना?” मी म्हणालो, “फार विशेष.”

शेजारच्या जिल्ह्यातल्या एका संपादकांचं तर पत्रच आलं. ‘आपण आमच्या वीस लेखांचा हवाला द्यावा, आम्ही आपल्या वीस लेखांचा देऊ. दोघांचंही कल्याण होईल.’ खरं सांगतो, पत्र मी दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. मनात म्हणत होतो, सुमनबाईंची भाकरी, सुमनबाईंची भाकरी. तिसऱ्या दिवशी सरांना दाखवलं. सरांनी ते चार तुकडे करून माझ्याच हातात दिलं आणि वर्गावर निघून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वर्ष संपत आलं आणि बेरीज मांडली. हेडमास्तरांचा लाल गठ्ठा बाजूला काढला तर सगळ्या मराठीतून उल्लेख निघाले पाच. भागाकार करायला गेलो तर शून्यानंतर एवढी शून्यं आली, की मला वाटलं पेन अडकलं.

आणि याच वेळी माझ्या हातून एक वाईट घडलं. कॉलेजच्या वाचनालयात चारदोन प्राध्यापक वर्तमानपत्र वाचत बसले होते. सुमनबाई आल्या. हळूच विचारलं, “सर, माझ्या लेखाचं काय निघालं?”

मला आवाज बारीक करता येत नाही. देवानं गळ्यात भोंगाच बसवलाय. मी म्हणालो, “शून्य, बाई. दोन्हीला शून्य.”

वर्तमानपत्रं खाली आली.

“शून्य म्हंजे कुनीच वाचला न्हाई?”

“वाचला असंल. पण कामाला कुनी घेतला न्हाई.”

बाई म्हणाल्या, “मी त्या बायांना सांगितलं होतं, तुमची गाणी छापून येनार हायत, लांबलांबची शिकलेली मानसं वाचनार हायत. आता संतपूरला गेले की त्या इचारतील. काय सांगू?”

त्यांचा पहिला लेख त्या गाण्यांवरच होता. औराद तालुक्यातल्या नवबौद्ध बायकांनी रचलेली गाणी. एक ओळ मराठी, दुसरी कन्नड, मध्येच तेलुगूचा एखादा शब्द. बाईंनी गावोगाव फिरून ती उतरवली, कुणी म्हटलं, कुठं म्हटलं, टाळी कुठं पडते, सगळं लिहिलं. सुटीचे दोन उन्हाळे त्यात गेले. आणि मी चारचौघांत त्याच्यावर शून्य मारलं. आजवर मी पुष्कळ थापा मारल्या आणि एकीचाही पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो त्या एका खऱ्या वाक्याचा. आणि तेही खरं नव्हतं, हे आठवड्याभरात कळलं.

समिती यायला चार दिवस होते. सकाळी साडेदहाला आमचे कन्नडचे प्राध्यापक शिवशरणप्पा आले. त्यांना सगळं कॉलेज अण्णा म्हणे. माणूस असा सज्जन, की पुस्तकाला बोट लावण्याआधी पुस्तकाची परवानगी घेईल.

“पांचाळ सर, तुमच्या त्रैमासिकाचा एक जुना अंक पायजे री. माझा लेख छापाय गेलाय, छापखानेवाला तळटिपेत पानाचा आकडा मागायलाय.”

“कोनता लेख?”

“आपल्या सुमनबाईंचा की. गाण्यांचा.”

मी खुर्चीतून उठलो. म्हणजे उडालोच. छताला पंखा होता म्हणून वाचलो, नाहीतर माळवदाला डोकं लागलं असतं.

“अण्णा, तुम्ही बाईंच्या लेखाचा हवाला दिलाय? कन्नडमधी?”

“मी एकटा न्हाई री. आमच्यात सगळेच घेतात तो. दोन भाषा मिसळलेल्या गाण्यांवर एवढं नीट काम दुसरीकडं कुठं हाय?”

“मग वर्षभर सांगितलं कामून न्हाई? मी इथं डोळे फोडून घ्यायलोय!”

अण्णा ओशाळले. “तुम्ही मराठीचं मोजायलाव. मराठीच्या कामात मी कन्नडवाला कामून बोलू?”

इथं माझी घोडचूक सांगतो. आमच्या ग्रंथालयात तीन कपाटं होती: मराठी, कन्नड, उर्दू. तीन कपाटं, तीन नोंदवह्या, तीन किल्ल्या. ही शिस्त मीच लावली होती आणि तिचा मला अभिमान होता. आता बघा, मी सकाळी दूधवाल्याशी कन्नडमध्ये भांडतो, चहावाल्याशी दख्खनीत गप्पा हाणतो, घरी मराठीत शिव्या खातो. एका वाक्यात तिन्ही भाषा घालून बोलतो आणि मला ते कळतही नाही. पण कॉलेजची पायरी चढलो की डोक्यात भिंती उभ्या राहायच्या. मराठीचं काम मराठीच्या कपाटात, कन्नडचं कन्नडच्या. राज्यं झाली, सरहद्दी ठरल्या, फायली वेगळ्या झाल्या, आणि आम्ही पोटापाण्याची माणसं त्या फायलींसारखीच वागायला लागलो. परिपत्रकात ‘फक्त मराठीत मोजा’ असं कुठंच नव्हतं. मी ते स्वतःच गृहीत धरलं होतं. हैदराबादला जाऊन धूळ खाऊन आलो आणि माझ्याच खोलीतलं शेजारचं कपाट, किल्ली कमरेला असून, उघडलं नाही.

आता उघडलं. अण्णा आणि मी समोरासमोर बसलो. ते पानं उलटायचे, मी कार्डं लिहायचो. दुपारचा डबा दोघांनी एकाच हातानं खाल्ला, दुसरा हात पानांत. दुसऱ्या दिवशी उर्दूचं कपाट. दख्खनी बोलीवर लिहिणाऱ्यांनी आमच्या पोथ्यांवरच्या लेखांचा आधार घेतलेला. तिसऱ्या दिवशी अण्णा बीदरला जाऊन मित्राच्या घरातले कन्नड अंक पिशवीत भरून घेऊन आले. चौथ्या दिवशी बेरीज मांडली. मराठीतले पाच तसेच. पलीकडच्या दोन भाषांतले मिळून एकेचाळीस. त्यांतले सव्वीस एकट्या सुमनबाईंच्या गाण्यांच्या लेखाचे.

बाईंना सांगायला गेलो. या वेळी आवाज बारीक करायचा फार प्रयत्न केला. तरी दोन वर्गांचे तास थांबले. बाई म्हणाल्या, “सर, आधी नीट मोजा. मागल्या खेपेलाबी तुम्ही असंच ठणकावून बोलला होता.” बरोबर होतं त्यांचं. मी परत मोजलं. सव्वीसच.

समिती आली. तिघं जण, अध्यक्ष मोठे विद्वान, कपाळावर आठ्या एवढ्या की त्यात पेन्सिल ठेवता यावी. मी फाइल पुढं केली. सगळ्यात वर एक पत्र ठेवलं होतं. आमच्याकडं येणारे लेख बाहेरचे दोन जाणकार तपासत. एकदा डोणगापुरे सरांच्या जावयाचा लेख आला, दोघांनी नापसंत केला आणि सरांनी तो स्वतःच्या सहीनं परत पाठवला, ते हे पत्र. जावई दोन दिवाळ्या सासुरवाडीला फिरकला नाही. आमच्याकडं जावई रुसणं म्हणजे काय, हे अध्यक्षांना सांगावं लागलं नाही. त्यांनाही दोन जावई होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि सरांकडं दुखवट्याला आल्यासारखं बघितलं. “तपासणी कडक आहे,” म्हणाले.

अंक वेळेवर निघत नाहीत, यावर त्यांनी आम्हाला धुतलं. ते योग्यच होतं. मग कार्डांचा खोका उघडला.

“हा लाल दोऱ्याचा गठ्ठा कसला?”

“साहेब, हे उल्लेख धरलेले न्हाईत. लेखकानं स्वतःच स्वतःचे केलेत.”

“मग दाखवता कशाला?”

“लपवले असते तर बाकीच्यांवर तुमचा विश्वास बसला नसता.”

अध्यक्षांनी आठ्या जरा सैल केल्या. मग आकडे बघितले आणि पुन्हा आवळल्या. “मराठीत पाच आणि बाकी कन्नड, उर्दू? मराठी नियतकालिकाची पत कन्नडमधल्या तळटिपांवर कशी ठरवायची?”

माझ्या आठवणीत मी तिथं अर्धा तास असं भाषण केलं, की समितीच्या डोळ्यांत पाणी आलं. डोणगापुरे सरांच्या आठवणीत माझी बोबडी वळली आणि बोलले ते अण्णा. सरांची आठवण माझ्यापेक्षा चांगली आहे. अण्णांनी खोक्यातल्या कन्नडच्या गठ्ठ्यातली पाच कार्डं न बघता उचलली आणि अध्यक्षांपुढं ठेवली. “साहेब, ह्या पाचांची पानं काढून बघा री. नुसतं नाव घेतलंय का काम घेतलंय, ते बघा. आमच्या लोकांना मराठी लेख वाचाय तरास होतो. तरी वाचलाय. गरज असल्याबिगर कुनी दुसऱ्याच्या भाषेत शिरत न्हाई.”

पानं काढली. समितीतले एक सदस्य कन्नड जाणणारे होते. ते मोठ्यानं मराठीत सांगत गेले. एका लेखकानं बाईंचं अख्खं गाणं दिलं होतं. दुसऱ्यानं गाणाऱ्या बाईच्या नावासकट. खोलीच्या दाराबाहेर सुमनबाई उभ्या होत्या. आत यायची परवानगी नव्हती. त्यांना ते नाव ऐकू गेलं. मी त्यांच्याकडं बघितलं. त्या भिंतीला टेकून त्या बाईचं नाव स्वतःशीच परत म्हणत होत्या.

निकाल महिन्याभरानं आला. तीन वर्षांसाठी यादीत नाव. अंक वेळेवर काढले नाहीत तर काढून टाकू, अशी तंबी. दोन वर्षांचा तो भागाकार आमचा तेव्हाही लंगडाच होता. समितीनं शेऱ्यात लिहिलं, की साहित्याच्या अभ्यासाला ही मुदत अपुरी आहे आणि पलीकडच्या भाषांतले उल्लेखही मोजले जावेत. पुढं आसपासच्या कॉलेजांतले ग्रंथपाल कपाटांची मांडणी विचारायला माझ्याकडं यायला लागले. मी त्यांना सांगे, ही कल्पना मला लहानपणीच सुचली होती.

सुमनबाईंच्या कायम नेमणुकीचं पत्र आलं, त्या दिवशी त्या सकाळीच ग्रंथालयात आल्या. मला वाटलं, पेढे. पाकीट हातात तसंच, नीट उघडलेलंही नव्हतं.

“सर, ते कन्नडचे अंक काढा. मला स्वतः वाचायचेत.”

मी काढून दिले. बाईंची कन्नड बाजारात शिकलेली. बोलायला पाण्यासारखी, वाचायला अडखळत. ओळीवर बोट ठेवून त्या तासभर वाचत बसल्या. अण्णा शेजारच्या टेबलावर होते. एकाएकी बाईंचं बोट थांबलं.

“ह्यो मानूस चुकलाय.”

“कोन री?”

“हा बघा, अण्णा. म्हनतोय, ही गाणी लग्नात म्हनतेत. लग्नातली न्हाईत ही! गावात विहार बांधायला पाया खांदतानी म्हनतेत. म्हनून तर ताल तसा पडतोय, कुदळीवर. मी लेखात लिहिलंय. नीट वाचलंच न्हाई त्यानं. सर, कागद द्या.”

मी कागद दिले. नेमणुकीचं पत्र त्यांनी कागद उडू नये म्हणून बाजूला ठेवलेल्या शाईच्या बाटलीखाली सरकवलं आणि कन्नडमध्ये उत्तर लिहायला घेतलं. पहिलंच वाक्य असं, की अण्णांनी ते वाचून कपाळाला हात लावला.

“बाई, जरा सबुरीनं घ्या री. मी ओळखतो त्याला, मानूस चांगला हाय.”

बाईंनी मान वर केली नाही. “चांगला हाय म्हनून तर उत्तर देतेय, अण्णा. वाईट असता तर सोडून दिला असता. ‘कुदळी’ला कन्नडमधी काय म्हनतेत, तेवढं सांगा.”